सरकीचं पाणी कोण पितं?

परवा व्हिडिओ कॉलवर रेवा म्हणाली, "आजी, आम्ही सशांना रोज पाणी देतो. संध्याकाळी भांडं रिकामं असतं. म्हणजे ते पितात!" ईशानने मागून मान डोलावली. तुमच्या बाबांनी घाईघाईने विषय बदलला. माझा तो संशयाचा चेहरा त्यांना लहानपणापासून ओळखीचा आहे.

तुमच्याकडे शाळेची वेळ झाली होती, म्हणून मी काही बोलले नाही. पण फोन ठेवल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. ज्या घरात एक कुत्रा, एक मांजर आणि दोन ससे आहेत, त्या घरात भांडं रिकामं झालं यावरून ससे पाणी पितात हे सिद्ध होत नाही. भांड्यात पाणी नाही, एवढंच सिद्ध होतं.

त्याच आठवड्यात एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "मॅडम, नोकरीतले अनुभव लिहा. बिबट्याबिबट्या असेल तर उत्तमच." मी म्हटलं, बिबट्या नाही, सशांच्या पाण्यावर लिहीन. "पूर्ण लेख?" त्यांनी विचारलं. पूर्ण लेख, मी म्हटलं. त्यांना माझ्या प्रकृतीची शंका आली असावी, पण नाही म्हणायचा धीर झाला नाही. तेव्हा अंकाच्या वाचकांनी हे शेजारच्या घरातलं बोलणं समजून ऐकावं. लिहिते आहे ती मी माझ्या दोन नातवंडांसाठी.

तुम्हाला माहीत आहे की तुमची आजी जनावरांची डॉक्टर. सरकारी नोकरीत सारा जन्म यवतमाळ जिल्ह्यात गेला, गोठ्यांत आणि बैलबाजारांत. निवृत्तीनंतर दारव्ह्याला घर बांधलं आणि पुढच्या खोलीत कुत्री, मांजरं, ससे, लव्हबर्ड असं जे येईल ते बघायला लागले. बैल बघणाऱ्या बाईने ससा बघावा यात लोकांना उतार वाटतो. मला नाही वाटला. बैल दुखणं दाखवतो तरी. ससा लपवतो. रानात ज्याला सगळेच खायला टपलेले असतात, त्याला आजारी दिसणं परवडत नाही. तो शेवटपर्यंत ठीक असल्यासारखा बसून राहतो, आणि ज्या दिवशी तो ठीक दिसत नाही त्या दिवशी फार उशीर झालेला असतो.

त्यामुळे या कामात संशय हेच मुख्य हत्यार. स्टेथोस्कोप त्यानंतर. आमचा रोगी खोटं बोलत नाही, पण तो बोलतच नाही. त्याच्या वतीने बोलतो तो मालक, आणि मालकाला वाटत असतं की आपण खरंच बोलतो आहोत. "सगळं नीट खातो, मॅडम." "पाणी तर भरपूर पितो." मी हे ऐकून घेते, आणि मग जमिनीकडे बघते. लेंड्या खोटं बोलत नाहीत. तुमचे आजोबा म्हणतात, "ही देवळातलं तीर्थसुद्धा वास घेऊन पिते." खरं आहे. एकदा खराब निघालंही होतं.

तुम्ही विचारलं होतं, सशांना बाटली बरी की भांडं. त्याचं उत्तर देते, पण आधी पुसदचे सलीमभाई.

सलीमभाई पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे. घरात बकरी, कबुतरं, एक भली मोठी मांजर आणि चार ससे. उन्हाळ्यात मांजर सशांच्या भांड्याशीच बसायची. ती काही करायची नाही, नुसती बसायची. पण मांजर बसलेली असताना कोणता ससा पाणी प्यायला पुढे येईल? म्हणून सलीमभाईंनी भांडं काढून टाकलं आणि शेतातल्या ठिबकच्या नळ्या आणून प्रत्येक खुराड्यात एक-एक तोटी बसवली. तोटीच्या टोकाला पोलादी गोळी. सशाने जीभ लावली की गोळी हलते आणि थेंब पडतो. वर पाण्याची मोठी बाटली.

"पूरा ऑटोमॅटिक सिस्टिम हाये, मॅडम," त्यांनी मला सांगितलं. "मांजर बसो, नाही तं मांजराचा बाप बसो."

"मग ससे सुस्त का आहेत?"

"तेच तं समजून नाही राह्यलं. पानी तं फुल हाये. बॉटल पाहा ना."

बाटली खरंच काठोकाठ भरलेली होती. मला तिचाच संशय आला. मे महिन्यात, चार ससे, आणि बाटली काठोकाठ? मी एका तोटीला बोट लावलं. गोळी हलली नाही. दुसरीला लावलं, तीही नाही. बोअरच्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर चढून चारही गोळ्या आपापल्या जागी चिकटून बसल्या होत्या. ससे दोन दिवस कोरडं लोखंड चाटत होते आणि वरची भरलेली बाटली बघून घरातले सगळे निश्चिंत होते.

सलीमभाई कपाळाला हात लावून खाली बसले. त्यांची बायको दारातून म्हणाली, "लोकाची मोटर चालू करून पाह्यल्याबगर देत नाही हे. घरचं काय, घरचं तं असंच चालते." ससे वाचले. तोट्या लिंबाच्या रसात भिजत पडल्या आणि जड चिनी मातीचं भांडं परत आलं. मांजरीला वरच्या फळीवर दुसरी जागा मिळाली.

तेव्हा उत्तर असं, की भांडं बरं. सशाला वाकून, जीभ बुडवून प्यायला आवडतं, आणि भांड्यातून तो जास्त पितो. भांडं जड हवं, नाहीतर तो ते दातात धरून उलटं करतो. कुत्र्याचं तोंड पोहोचणार नाही आणि मांजरीची नजर पडणार नाही अशा जागी हवं. बाटलीही टांगा हवी तर, पण रोज सकाळी गोळीला बोट लावून बघा. भरलेल्या बाटलीवर विश्वास ठेवायचा नाही, हे मी पुसदला शिकले.

रिकाम्या भांड्यावर का ठेवायचा नाही, ते बोरी अरबला कळलं.

बोरी अरब आमच्या दारव्हा तालुक्यातलंच मोठं गाव. तिथल्या वैशालीचा फोन आला, तेव्हा मे लागून थोडे दिवस झाले होते. "मॅडम, ससा खाऊन नाही राह्यला. मागच्या हप्त्यात एक गेला. आता हा बी जाते वाटते." मी तुमच्या आजोबांना म्हटलं, गाडी काढा. सशाने अर्धा दिवस तोंड मिटलं तर तो पोट बिघडल्याचा निरोप असतो. त्या निरोपाला उद्याची तारीख देता येत नाही.

घर नीटनेटकं होतं. मोठं अंगण, टिनाची ओसरी, आत घरघरणारा कूलर. ओसरीत जाळीचं खुराडं, त्याच्या छपरावर मनी नावाची मांजर पसरलेली. खाली शेरू नावाचा कुत्रा जीभ काढून पडलेला. ओसरीच्या टोकाला बाजेवर वैशालीचे सासरे श्रावणजी बसले होते, सुपारी कातरत. त्यांनी हात जोडले आणि पुन्हा सुपारीकडे बघितलं. आणि खुराड्याला टेकून वैशालीची मुलगी गौरी उभी होती. नऊ-दहा वर्षांची असेल. रडून झालेलं होतं.

दोन्ही ससे तिचे. पांढऱ्याचं नाव तिने कापूस ठेवलं होतं, करड्या मादीचं सरकी. कापूस गेला होता. सरकी कोपऱ्यात पाठ वाकवून बसली होती.

मी तिला मांडीवर घेतलं. कान तापलेले, हिरड्या चिकट. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. जमिनीवरच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या असायला हव्या होत्या, त्या काळ्या मिऱ्यांसारख्या बारीक आणि टणक झाल्या होत्या. याला फार विद्या लागत नाही. ती तहानलेली होती.

"हिला पाणी मिळत नाही," मी म्हटलं.

वैशाली लेकीकडे वळली. "पाह्य! हिले एकच काम सांगतलं होतं, मॅडम. एकच! सशाले पानी टाकाचं. तेही नाही होत."

"टाकतो मी," गौरी म्हणाली. आमच्या भागात मुलीही असंच बोलतात. "रोज शाळेत जाच्या आधी टाकतो. आता तं सुट्टीच हाये, तरी टाकतो. संध्याकाळी भांडं खाली असते. थे पेते."

"खाली असते म्हने! टाकलंच नसन तं खालीच राहीन ना!"

"टाकलं होतं, आई!"

"खोटं नको बोलू. एक तं गेला तुह्या आळसानं."

मी सरकीच्या कातडीखाली सलाईन दिलं, पोट चालू व्हायचं औषध दिलं, ड्रॉपरने थोडं पाणी पाजलं. हे करताना माझं अर्धं लक्ष गौरीच्या त्या 'टाकलं होतं'कडे होतं. खोटं बोलणारं मूल साधारण जास्तीचं बोलतं. ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. पण मुलं छान खोटं बोलतात हेही मला माहीत आहे, तुमच्या बाबांना मीच वाढवलं. म्हणून मी तिच्यावरचा संशय काढला नाही. फक्त त्याच्या रांगेत आणखी काही जण उभे केले.

पहिला अर्थात शेरू. पण खुराड्याच्या दाराला घट्ट कडी होती आणि भांडं आत, मागच्या बाजूला. दुसरी मनी, पण तीही आत जाऊ शकत नव्हती, आणि मांजर तशी फार पाणी पीत नाही. भांडं सशानेच उलटं केलं असतं, तर खालचं पोतं ओलं झालं असतं, त्याला कुबट वास आला असता. पोतं कोरडं होतं. राहिलं ऊन. यवतमाळचा मे महिना आणि वरून कूलरची हवा. पाणी उडून जातं, पण किती?

हे शोधायची माझी जुनी रीत आहे, तीच तुम्हाला शिकवणार आहे. मी वैशालीकडून त्याच मापाचं दुसरं भांडं मागून घेतलं. दोन्हींत सारखं पाणी भरलं. एक खुराड्यात ठेवलं, दुसरं खुराड्याच्या छपरावर, आणि त्यावर पिठाची चाळण पालथी घालून वर दगड ठेवला. दुसऱ्या भांड्यातलं पाणी कोणी पिऊ शकत नाही. ते जेवढं उतरेल तेवढं उन्हाने नेलं. पहिलं त्याहून जास्त उतरलं, तर ते कोणीतरी नेलं. कोर्टात साक्षीदार असतो तसं ते भांडं.

बाजेवरून श्रावणजींनी विचारलं, "हे दुसरं कायले, मॅडम?"

"हवेसाठी," मी म्हटलं. तपास चालू असताना मी कोणालाच कारण सांगत नाही.

"हवा पानी पेते का?"

"तेच बघायचं आहे."

ते हसले आणि सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. वैशालीला मी सांगितलं, पातळ खाणं ड्रॉपरने भरव, भांड्यांना कोणी हात लावायचा नाही, मी उद्या येते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा गेलो. चाळणीखालचं भांडं जेमतेम बोटभर उतरलं होतं. खुराड्यातलं ठणठणीत कोरडं होतं. सरकीच्या लेंड्या कालच्यासारख्याच, काळे मिरे. सलाईनने तिला एक दिवस मिळाला होता, तो संपत आला होता. आणखी असाच एक दिवस गेला, तर पोट कायमचं थांबणार होतं.

कुत्रा नाही, मांजर नाही, ऊन नाही, ससाही नाही. उरला माणसाचा हात.

तुम्हाला वाटेल की मला आनंद झाला. झाला नाही. जनावरावरचा संशय हलका असतो, माणसावरचा जड. वैशालीकडे बघितलं. तिला सशांची घाण काढायचा कंटाळा होता, हे तिने कालच दोनदा बोलून दाखवलं होतं. गावात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे तिला घरातला प्रत्येक हंडा पाठ. तिचा नवरा दिवसभर दुकानात, त्याला वगळलं. गौरीकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. 'भांडं मी कोरडं ठेवलं असं आता मॅडमसुद्धा म्हणतील', अशी ती नजर होती.

आणि मग मला कढीपत्ता दिसला.

ओसरीच्या टोकाला तेलाच्या जुन्या डब्यात लावलेला होता. अंगणातली बाकी झाडं म्हणजे काड्या. तुळससुद्धा मान टाकून उभी होती. आणि हा एकटा हिरवागार, पानांवर तुकतुकी, शेंड्याला नवी पालवी.

"याला पाणी कोण घालतं गं?" मी वैशालीला विचारलं.

"कोनी नाही, मॅडम. प्याले पुरत नाही, झाडाले कुठून? आपल्या मनानं वाढून राह्यला."

मे महिन्यात बोरी अरबला आपल्या मनाने काही वाढत नाही. मी डब्यात बोट घातलं. माती ओली होती. डबा बाजेच्या पायथ्याशी होता, बसल्या जागेवरून हात लांबवला की पोहोचेल एवढ्यावर. खुराडं बाजेच्या उशाशी.

मी वैशालीला चहा टाकायला पाठवलं आणि गौरीला शेजारून कोथिंबीर आणायला. तुमचे आजोबा शहाणे आहेत, ते स्वतःहून गाडीकडे गेले. मी बाजेसमोर खुर्ची ओढली.

"श्रावणजी, सशाचं पाणी तुम्ही ओतता?"

"हो," ते म्हणाले.

मी उलटतपासणीच्या तयारीने बसले होते. इतक्या सरळ उत्तराची तयारी नव्हती.

"का?"

"तं मंग कोन वतन? सुनेले येळ नाही, पोरीले समजत नाही. ससा पानी पेत नसते, मॅडम. तुमी डॉक्टर, तुमाले मी काय सांगू! सारी जिंदगी तुरीत गेली माही. तिथं ससे राह्यते, पिल्लं देते. एक ससा नाल्यावर पानी पेतांनी पाह्यला नाही म्या. थो दव चाटते, पाल्यातलं पानी घेते. भांड्यातलं पानी पोटात गेलं का पोट फुगते, आन खतम."

ही समजूत मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. सशाला पाणी पाजलं की तो मरतो, असं आपल्याकडे किती घरांत मानतात. पण ती मी अज्ञानी माणसांकडून ऐकली होती. श्रावणजी अज्ञानी नव्हते. त्यांनी उभ्या आयुष्यात बघितलेलं ते सांगत होते, आणि बघितलेलं खोटं नव्हतं. तुरीतला ससा वेगळा, खुराड्यातला वेगळा. दिसायला भाऊ, पण जात निराळी. आणि रानातल्याला दव मिळतं, पाला मिळतो, सावली निवडता येते. खुराड्यातल्याला जे दिलं तेवढंच.

"पावसाळ्यापासून वतून राह्यलो," ते पुढे म्हणाले. "काय झालं त्याईले? चांगले गुबगुबीत होते दोघं."

"तेव्हा गवत कोण आणायचं?"

"मीच. सकाळी वावराच्या धुऱ्यावरचं. ओलंचिंब."

"आणि आता?"

"आता कुठचं ओलं? वायलेलं देतो." ते बोलता बोलता थांबले. मग मान हलवली. "पन थ्याचा काही संबंध नाही."

"आणि कापूस? तो कशाने गेला?"

त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे बघितलं, मग फाटकाकडे. आवाज खाली आणला.

"पान्यानंच गेला थो. एक दिवस दुपारी माहा डोळा लागला. उठलो तं पोरीनं टाकलेलं पानी अर्धं पेलेलं. अजून जीभ चाटून राह्यला होता. दुसऱ्या दिवशी गेला." अडकित्ता त्यांनी खाली ठेवला. "तिले सांगू नका, मॅडम. तिले वाटते, पानी टाकून थे जीव वाचवून राह्यली. तिच्या हातानं गेला, हे तिले कायले समजू द्याचं? माय बोलते तिले, पानी टाकत नाही म्हनून. बोलू द्या. आळशी म्हनलेलं बरं. मारलं म्हनलेलं बरं नाही."

तुम्हाला समजलं का, काय झालं होतं? आई मुलीवर संशय घेत होती की ती पाणी टाकत नाही. श्रावणजी मुलीवर संशय घेत होते की ती पाणी टाकते. आणि तिला तो दुसरा संशय कळू नये म्हणून ते पहिला गप्प बसून ऐकत होते. त्या घरातला प्रत्येक जण त्या सशाला वाचवत होता, आणि ससा मरत होता.

मला बोलायचं होतं ते जिभेवर तयार होतं. कापसाने त्या दिवशी जे अर्धं भांडं प्यायलं, ते त्याला कितीतरी दिवसांनी मिळालेलं पहिलं पोटभर पाणी असणार. ते उशिरा मिळालं. जन्मभर मी लोकांना जनावराच्या मरणाचं कारण स्पष्ट सांगत आले. पण इथे ते सांगायचं, तर या माणसाला सांगायचं होतं.

"श्रावणजी," मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. मीही कोणावर ठेवत नाही. तुमच्या हाताने भांडं भरा आणि तुमच्या डोळ्यांनी बघा."

"मेली तं?"

"तर माझ्या नावावर. साऱ्या गावाला सांगा, डॉक्टरीणबाईने मारली."

श्रावणजी उठले, माठातून तांब्या भरून आणला, पण भांड्यात ओतताना हात थांबला. कडी काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. शेवटी भांडं सरकीच्या पुढ्यात ठेवलं आणि हात मागे घेतला नाही, गरज पडली तर ओढून घेता यावं म्हणून.

सरकी जागची हलली नाही. मग तिचं नाक हललं. एक पाऊल, आणखी एक. तिने तोंड पाण्याला लावलं आणि प्यायला लागली. सशाचं पिणं कधी ऐकलंत? बारीक, भरभर, चप-चप-चप. ती मध्ये थांबली, श्वास घेतला, पुन्हा वाकली. तिच्या हनुवटीवरून थेंब श्रावणजींच्या बोटांवर पडत होते. ते तिच्या पोटाकडे टक लावून बघत होते.

वैशाली चहा घेऊन आली. त्यांनी घेतला नाही. चहावर साय धरली. गौरी कोथिंबीर घेऊन आली आणि काही न विचारता त्यांच्या शेजारी उकिडवी बसली. आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. पोट फुगलं नाही. ऊन ओसरीवरून खाली गेलं तेव्हा सरकीने कोथिंबिरीची एक काडी ओढली आणि शेवटपर्यंत खाल्ली.

श्रावणजींनी तेव्हा मान वर केली.

"मंग कापूस?" त्यांनी हळूच विचारलं.

"ऊन," मी म्हटलं. "यंदाचं ऊन फार वाईट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी तसंच, जसं मी "भरपूर पितो" म्हणणाऱ्या मालकाकडे बघते. मी बॅग आवरायला लागले.

मग त्यांनी सुनेला हाक मारली. "वैशाली, पोरीले बोलू नको. थे पानी टाकत होती. मी वतत होतो."

"मामाजी? काहून?"

"म्हाताऱ्याची अक्कल."

वैशालीने पदराने कपाळ पुसलं आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ. गौरी मात्र ओल्या कढीपत्त्याकडे बघत होती. तिने आपल्या परीने सगळं जुळवलं. "आबाजी," ती म्हणाली, "मले सांगाचं ना! मी झाडाले अलग पानी टाकलं असतं."

तिला वाटलं, आजोबांनी झाडासाठी पाणी चोरलं. कोणीही ते दुरुस्त केलं नाही. मीसुद्धा नाही.

आता रेवा आणि ईशान, तुमचं काम. आजच भांड्याशेजारी दुसरं तसंच भांडं ठेवा, त्यावर जाळी ठेवा, आणि संध्याकाळी दोन्हींत बोट घालून बघा. हिवाळ्यात तुमच्याकडे पाण्यावर बर्फ धरतो म्हणे, तेव्हा तर दोनदा बघा. सशांचं भांडं जास्त उतरलं आणि तरी लेंड्या बारीक दिसल्या, तर आधी कुत्र्यावर संशय घ्या, मग मांजरीवर. आणि माणसांवर घ्यायची वेळ आली, तर सशावर ज्याचा सगळ्यात जास्त जीव आहे त्याला आधी विचारा. रागावून नाही. बाकीच्यांना चहा टाकायला पाठवून.

गेल्या हिवाळ्यात श्रावणजी काही कामाने दारव्ह्याला आले होते. तुरीच्या शेंगांची पिशवी आणि वर कढीपत्त्याची जुडी घेऊन आमच्या दारात उभे राहिले. सरकी कशी आहे, मी विचारलं. "पेते," ते म्हणाले. "मी पाशी बसतो. शेरूले येऊ देत नाही." मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "पोरगी नाही इथं. आता सांगा. कापूस कायनं गेला?"

"उन्हाने," मी म्हटलं.

"सारी जिंदगी लोकाचं खोटं पकडलं तुमी, मॅडम," ते म्हणाले. "सोताचं बोलता नाही येत तुमाले."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं. त्यांनी तांब्या वर धरून अर्धा प्यायला. उरलेलं घेऊन पायरी उतरले, फाटकाजवळ थांबले, आणि माझ्या तुळशीत ओतून रिकामा तांब्या कट्ट्यावर पालथा घातला.